गाडी चालते आहे, हे टेपला कसे कळते

मोटारीच्या डॅशबोर्डात बसवलेल्या करमणुकीच्या यंत्रणेला, म्हणजे पडदा आला तरी सातारा-सांगलीकडे जिला सर्रास ‘टेप’च म्हटले जाते त्या स्टिरिओला, गाडी उभी आहे की चालते आहे हे स्वतःहून कळत नाही. ते तिला कुणीतरी सांगावे लागते. सांगण्याचे हे काम कधी हँडब्रेकच्या एका वायरकडे असते, कधी चाकापाशी बसवलेल्या सेन्सरकडे, तर कधी उपग्रहांकडे. आणि यांपैकी जो जे सांगेल त्यावर विसंबून आतले सॉफ्टवेअर पडद्यावर चित्र राहू द्यायचे की काळे करायचे, कीबोर्ड उघडा ठेवायचा की बंद करायचा, आवाज वाढवायचा की आहे तसाच ठेवायचा हे ठरवते. गाड्यांत टेप बसवण्याच्या धंद्यात बरीच वर्षे काढलेल्या वायरमनच्या अनुभवाचा गाभा इथेच आहे. सॉफ्टवेअर कितीही हुशार असले तरी त्याच्यापुढे येणारी साक्ष खरी असेल की खोटी, हे डॅश उघडून आत हात घालणारा माणूस ठरवतो, आणि त्या माणसाची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या हातात बिल दिल्यावर संपत नाही.

कॅसेट आणि पुढे सीडीच्या काळात हा प्रश्न उद्भवलाच नव्हता, कारण गाणे ऐकायला डोळे लागत नाहीत. पिवळी वायर बॅटरीला, लाल चावीच्या सप्लायला, काळी बॉडी अर्थला आणि उरलेल्या जोड्या चार दारांतल्या स्पीकरना, एवढ्यावर काम पुरे होत असे. डॅशमध्ये दोन खणांची उंची व्यापणारे, म्हणजे डबल डिन मापाचे पडदे आले तेव्हा कपलरमधून एक जास्तीची बारीक वायर बाहेर डोकावू लागली. अनेक जपानी बनावटीच्या टेपमध्ये तिचा रंग फिकट हिरवा असतो. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडावी, असे सोबतच्या पत्रकात ठळक छापलेले असे आणि मिस्त्री मंडळी ती दुमडून, चिकटपट्टी गुंडाळून, सरळ मागे ढकलून देत. ती न जोडता गाणी वाजत होतीच, म्हणून ती बिनमहत्त्वाची आहे असा समज या धंद्यात फार काळ टिकला.

त्या वायरचे काम समजून घेतले की पुढच्या साऱ्या यंत्रणेचे तर्कशास्त्र हाती येते. हँडब्रेकचा दांडा वर ओढला की त्याच्या बुडाशी असलेला छोटा स्विच मिटतो, एक वायर गाडीच्या पत्र्याला म्हणजे बॉडी अर्थला टेकते, आणि मीटरमध्ये लाल दिवा लागतो. टेपची फिकट हिरवी वायर याच ठिकाणी समांतर जोडायची असते. तिला अर्थ मिळाला तर सॉफ्टवेअर समजते की हँडब्रेक ओढलेला आहे, म्हणून गाडी उभी आहे, म्हणून व्हिडिओ दाखवायला हरकत नाही. अर्थ तुटला की ते चित्र झाकते आणि आवाज तेवढा चालू ठेवते. यात हालचाल कुठेच मोजलेली नाही. एका दांड्याच्या स्थितीवरून हालचालीचे अनुमान काढलेले आहे, आणि हे अनुमान फसवायला हाताएवढ्या वायरचा तुकडा पुरतो. हिरवी वायर हँडब्रेकपर्यंत न नेता तिथेच, टेपच्या मागच्या काळ्या वायरला पिळून टाकली की सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती गाडी कायमची उभी राहते, मग ती महामार्गावर शंभरच्या वेगाने का धावत असेना.

हे करून मागणारी गिऱ्हाइके वाईट नसतात, हे या ठिकाणी स्पष्ट नोंदवले पाहिजे. त्यांत नवी गाडी घेतलेला द्राक्षबागाईतदार असतो, मुंबईला भाडी मारणारा टुरिस्ट गाडीचा चालक असतो, लेकरांना कार्टून लावून दिले की प्रवास शांतपणे होतो असे सांगणारे आई-वडील असतात. ‘‘मिस्त्री, गाडी उभीच हाय की, मग चित्र का लागंना?’’ ही तक्रार तर पुष्कळदा शंभर टक्के खरी असते. महाबळेश्वर, पाटण, कोयनानगर या भागांत पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर ठेवली तर मागच्या चाकाचे ब्रेकशू ओलाव्याने आणि गंजाने ड्रमला धरून बसतात आणि सकाळी गाडी जागची हलत नाही. म्हणून घाटमाथ्यावरचे चालक हँडब्रेक टाळून गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडतात आणि चाकाखाली दगड लावतात. ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आणि शहाणपणाची आहे. परंतु सॉफ्टवेअरला दगड दिसत नाही. त्याच्या लेखी हँडब्रेक खाली आहे, म्हणजे गाडी उभी केलेली नाही.

या अडचणीचे मूळ ही यंत्रणा ज्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली त्यांच्यात आहे. मोटारींसाठीच्या अँड्रॉइड प्रणालीत गाडीच्या तीन अवस्था मानलेल्या आहेत: उभी करून ठेवलेली, चालू स्थितीत जागेवर थांबलेली आणि चालती. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत दांडा ‘पी’ या खुणेवर नेला की पहिली अवस्था निःसंशय ठरते. हाताने गिअर टाकायच्या गाडीत ‘पी’ नसतोच, म्हणून तिथे सगळी भिस्त हँडब्रेकवर येते. हँडब्रेक खाली असेल आणि वेग शून्य असेल तर प्रणाली ती गाडी सिग्नलला किंवा कोंडीत थांबली आहे असे धरून चालते. सातारच्या पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर होण्याआधी ज्यांनी गाडी हाकली आहे त्यांना हा सावधपणा पटेल, कारण तिथे थांबलेली गाडी पुढच्या क्षणी सुटण्याच्या तयारीतच असे आणि त्या क्षणी चालकाची नजर पडद्यावर असणे पायी चालणाऱ्याच्या जिवावर बेतले असते. अशा तक्रारीवर खरा उपाय वायर कापणे हा नव्हता. गाडीत बसून व्हिडिओ पाहायचा तेवढ्या वेळापुरता हँडब्रेक ओढा आणि रात्री गाडी ठेवताना खुशाल सोडा, एवढे गिऱ्हाइकाला समजावून सांगणे पुरे होते. त्यासाठी लागणारी पाच मिनिटे दुकानात फारशी कुणी खर्च करत नसे.

टेप बनवणाऱ्यांनाही ही पळवाट लवकरच कळली. नंतरच्या काही मॉडेलांत हँडब्रेकची वायर नुसती अर्थला टेकलेली असून भागत नाही. चावी फिरवल्यानंतर ती एकदा सुटून पुन्हा टेकल्याचे दिसल्याशिवाय सॉफ्टवेअर व्हिडिओ उघडत नाही, कारण खरा हँडब्रेक वर-खाली होतो आणि पिळलेली वायर कधीच हलत नाही. त्यावर तो क्रम खोटा निर्माण करून देणारी छोटी सर्किटे बाजारात आली. पुढे स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओंचा पूर आला आणि त्यांतल्या कित्येकांत वायर पिळण्याचीही गरज उरली नाही, सेटिंगमधली एक खूण काढली की काम झाले. ज्या गोष्टीसाठी पूर्वी निदान डॅश उघडावा लागे आणि उघडणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची जाणीव होई, ती आता गाडीतला कुणीही पोरगा बोटाने करू शकतो. या धंद्यातले हे सर्वांत वाईट वळण होते, असे म्हणावे लागते.

हालचाल खरोखर मोजायची तर वेगाचा सिग्नल लागतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून निघालेली फिरती केबल मीटरचा काटा हलवीत असे. नंतर तिची जागा विद्युत स्पंद देणाऱ्या सेन्सरने घेतली. जपानी मानकाप्रमाणे मीटरकडे जाणारा दांडा ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटाला ६३७ फेरे घेतो, आणि सेन्सर एका फेऱ्याला ४ स्पंद देत असेल तर एका किलोमीटरमागे २,५४८ स्पंद पडतात, म्हणजे ६० च्या वेगाला सेकंदाला साधारण साडेबेचाळीस. टेपचे सॉफ्टवेअर हे स्पंद मोजून वेग काढते. ही वायर मिळाली की हालचालीला दिलेला प्रतिसाद केवळ मनाईचा राहत नाही. वेग वाढला की टायरचा आणि वाऱ्याचा आवाज वाढतो, त्या मानाने गाण्याचा आवाजही हळूहळू चढवणे आणि टोलनाक्याजवळ गाडी मंदावली की तो आपोआप उतरवणे, ही सोय याच स्पंदांवर चालते. तासवडेच्या टोलनाक्यावर खिडकी उघडली आणि आवाज आधीच उतरलेला आढळला, म्हणून कौतुकाने ते सांगायला दुकानात परत येणारी माणसे भेटतात. यंत्र आपल्याला अडवते आहे या भावनेपेक्षा ते आपल्याकडे लक्ष ठेवून आहे ही भावना माणसाला सुखावते.

याच्या उलट अनुभव वेगाच्या इशाऱ्याचा. १ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारींत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा बझर सक्तीचा झाला. पुणे-बंगळूर महामार्गावर नित्य ये-जा करणाऱ्यांना तो नकोसा होतो आणि तो बंद करून द्या अशी मागणी टेपवाल्याकडेच येते, कारण गाडीत जे जे वाजते ते त्याच्या खात्यातले अशी लोकांची समजूत आहे. वेगाच्या सिग्नलला हात लावला तर मीटर, कुलपे, एबीएस यांतले काय काय बिघडेल हे आधी सांगता येत नाही, एवढे कारण नकारासाठी पुरेसे ठरते. परंतु ते कारण नसते तरीही नकारच द्यायला हवा होता.

बाहेरून बसवलेल्या टेपला वेगाची वायर देणे सगळ्या गाड्यांत सोपे नसते, म्हणून पुष्कळ यंत्रे जीपीएसचा आधार घेतात. उपग्रहांकडून येणाऱ्या लहरींच्या कंपनसंख्येत गाडीच्या गतीमुळे जो सूक्ष्म फरक पडतो त्यावरून वेग काढता येतो, आणि मोकळ्या आकाशाखाली तो मीटरच्या काट्यापेक्षाही अचूक निघतो. अडचण आकाश झाकले गेल्यावर येते, आणि या भागातली तिची कसोटीची जागा म्हणजे खंबाटकीचा बोगदा. बरीच वर्षे साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहतूक या बोगद्यातून जात आली आहे आणि पुण्याहून येणारी घाट चढून. केवळ जीपीएसवर विसंबलेल्या काही स्टिरिओंत असा प्रकार दिसे की महामार्गावर झाकलेले चित्र बोगद्यात शिरल्यावर काही क्षणांनी आपोआप उघडायचे. सिग्नल तुटला, वेगाचा आकडा येईनासा झाला, आणि न आलेला आकडा शून्य आहे असे सॉफ्टवेअरने मानून घेतले. अंधाऱ्या बोगद्यात, पुढे-मागे मालट्रक असताना चालकाच्या डाव्या हाताशी एकाएकी झगझगीत चित्र उजळणे किती घातक आहे हे वेगळे सांगायला नको.

या एका प्रसंगातून जो नियम शिकायला मिळतो तो हालचाल ओळखणाऱ्या कोणत्याही यंत्रणेचा पाया आहे: माहिती नसणे आणि गाडी उभी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माहिती नसेल तेव्हा गाडी चालते आहे असेच धरले पाहिजे. कारखान्यातून येणाऱ्या चांगल्या यंत्रणा तेच करतात. शिवाय चाकांचा वेग आणि वळण मोजणारा जायरोस्कोप यांचा हिशेब जुळवून बोगद्यातही नकाशावरचा बाण पुढे सरकवत ठेवतात. बसवलेल्या टेपची पारख करायची तर ती दुकानाच्या दारात करून काही कळत नाही, बोगद्यातूनच करावी लागते, हे ध्यानात आल्यावर सातारच्या गाड्यांच्या चाचणीचा रस्ता बदलला. जीपीएसचा दुसरा दोष उभ्या गाडीत दिसतो. उंच इमारतींच्या दाटीत किंवा पत्र्याच्या शेडखाली परावर्तित लहरींमुळे थांबलेली गाडीही ताशी दोन-तीन किलोमीटरने भटकते आहे असे भासते, म्हणून सॉफ्टवेअरला एक उंबरठा ठेवावा लागतो. त्याच्या खालच्या वेगाला ते दाद देत नाही, आणि वेग उंबरठ्याखाली आला तरी तो तिथे काही सेकंद टिकल्याशिवाय चित्र उघडत नाही.

मोबाइलमध्ये असतो तसा त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल जोखणारा सूक्ष्म सेन्सर, वापरून हे सगळे सोपे करता येईल असे नव्या पोरांना वाटते. पण सरळ रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या वाहनाच्या आत बसून, बाहेर न पाहता, ते चालते आहे की उभे आहे हे ओळखता येत नाही, ही गोष्ट गॅलिलिओने सतराव्या शतकात जहाजातल्या बंद खोलीच्या उदाहरणाने मांडली आहे आणि ती आजच्या सेन्सरलाही चुकलेली नाही. कराडच्या पुढे सपाट महामार्गावर एका लयीत धावणारी गाडी त्वरणमापकाला जवळजवळ उभ्या गाडीसारखी वाटते, तर जागेवर घरघरणारे जुने डिझेल इंजिन त्याला हालचालीचा भास देते. पसरणीच्या चढावर गुरुत्वाकर्षणाचा काही भाग गाडीच्या लांबीच्या दिशेने पडतो आणि तो वेगवाढीत मिसळतो. म्हणून हा सेन्सर एकटा साक्षीला चालत नाही, इतरांच्या जोडीला चालतो.

गेल्या काही वर्षांत आलेल्या गाड्यांत वेगळ्या वायरी शोधण्याचे काम जवळपास संपले आहे. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन या पद्धतीत एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवरून इंजिन, ब्रेक, गिअर, दारे आणि मीटर हे सगळे भाग आपापली माहिती सर्वांना ऐकू जाईल अशी सोडतात, आणि टेपही त्यांतून वेग, हँडब्रेक आणि रिव्हर्स गिअर एवढे उचलतो. दोन्ही टोकांना १२० ओमचे रोध असल्यामुळे चावी बंद ठेवून या जोडीवर मल्टिमीटर लावला की ६० ओमच्या आसपास आकडा आला पाहिजे. १२० आला तर एका टोकाचा रोध सुटलेला आहे, आणि शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. साधा टेस्ट लॅम्प लावून सप्लाय शोधण्याची जुनी सवय इथे महागात पडते. दिव्याने ओढलेल्या करंटमुळे मीटरवर एकाच वेळी चार-पाच इशारे पेटलेली गाडी आणि समोर पांढराफटक चेहरा करून उभा असलेला शिकाऊ पोरगा, हे दृश्य या धंद्यातल्या कुणालाही अनोळखी नाही. ज्या वायरवर ब्रेकची माहिती धावते तिला करमणुकीसाठी कापायचे नाही, कॅनवरची माहिती टेपला समजेल अशी करून देणारा, गाडीच्या मॉडेलचा डिकोडर आणून मूळ कपलरलाच जोडायचा, ही शिस्त यातून आली.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातातल्या उपकरणाचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यापुरता आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करण्याची मुभा दिली आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये काढलेल्या ऐच्छिक मार्गदर्शक सूचनांत चालकाची एक नजर २ सेकंदांपेक्षा आणि एका कामासाठीच्या सगळ्या नजरा मिळून १२ सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नयेत असे म्हटले आहे. पुढे चालत्या गाडीत पडद्यावर खेळ खेळता येण्याच्या सोयीबद्दल त्याच प्रशासनाने डिसेंबर २०२१ मध्ये टेस्लाची चौकशी सुरू केल्यावर कंपनीने ती सोय गाडी चालत असताना बंद केली. दोन सेकंद हा आकडा दुकानात बसून किरकोळ वाटतो. गळीत हंगामात, रात्रीच्या वेळी, पेठनाक्याकडे ताशी ८० किलोमीटरने निघालेल्या गाडीपुढे मागचा रिफ्लेक्टर चिखलाने माखलेली उसाची ट्रॉली ताशी २० ने चालली असेल, तर पडद्याकडे पाहण्यात गेलेल्या दोन सेकंदांत दोघांमधले अंतर ३३ मीटरने कमी होते. त्या ट्रॉलीवर मोठमोठे कर्णे लावलेले असतात आणि ट्रॅक्टरवाल्याला मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही. हे गणित कागदावर मांडून दाखवले की व्हिडिओसाठी हट्ट धरणारा माणूसही बहुधा गप्प होतो, कारण त्या रस्त्यावरून तो स्वतः गेलेला असतो.

नुसता नकार देऊन मात्र धंदा चालत नाही आणि गिऱ्हाइकाची गरजही भागत नाही; ते शेजारच्या दुकानात जाऊन वायर पिळून घेते. दिशा बदलली ती मागच्या सीटच्या पडद्यांनी. पुष्कळ टेपमध्ये मागच्या पडद्यासाठी व्हिडिओची वेगळी वाट काढलेली असते आणि हँडब्रेक खाली असताना पुढचे चित्र झाकले गेले तरी मागचे चालू राहते. यंत्र बनवणाऱ्यांनी प्रवाशाची करमणूक आणि चालकाचे लक्ष यांची फारकत आधीच करून ठेवली होती, ती पुस्तिकेच्या मधल्या पानांत दडून राहिली होती एवढेच. मुलांसाठी कार्टून मागणाऱ्या आई-वडिलांना पुढच्या सीटच्या मागे दोन पडदे बसवून दिले तर हिरवी वायर तिच्या खऱ्या जागी जोडण्याला त्यांचा विरोध उरत नाही. खर्च वाढतो, आणि काही जण तेवढ्यासाठी परत जातात. जाऊ द्यावे लागते.

जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत हा विषय नव्याने समोर येतो. एखाद्याने घेतलेल्या सेकंडहँड गाडीत पहिल्या मालकाने पिळून घेतलेली वायर तशीच असते आणि नव्या मालकाला तिचा पत्ताही नसतो. चालत्या गाडीत चित्र दिसते ते या टेपचे वैशिष्ट्यच आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. म्हणून अशी गाडी रिव्हर्स कॅमेऱ्याच्या किंवा आवाजाच्या किरकोळ कामासाठी आली तरी टेप बाहेर काढल्यावर हिरवी वायर कुठे गेली आहे हे आधी पाहावे, मालकाला बोलावून ते डोळ्यांनी दाखवावे आणि त्याच्या संमतीने ती हँडब्रेकच्या स्विचपर्यंत नेऊन जोडावी, असा परिपाठ काही दुकानांनी ठेवला आहे. या कामाची मजुरी वेगळी लावली जात नाही. मग मालकाला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली जाते, हँडब्रेक सुटताच चित्र झाकले जाते का, गाडी थांबून दांडा वर ओढल्यावर ते परत येते का, रिव्हर्स टाकताच कॅमेरा बाकी सगळे बाजूला सारून पुढे येतो का हे पाहिले जाते, आणि बिलावर ‘हँडब्रेक वायर जोडली’ असे लिहून खाली मालकाची सही घेतली जाते.